शहरातील मळा आणि आपले तरुण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सोलापूर येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी मला 'आपल्या तरुणांसाठी नवे व्यवसाय' ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. व्यवसायांची यादी वाचून दाखविण्याचा माझा विचार नाही. मी एकाच व्यवसायाविषयी बोलणार आहे, आणि तो ऐकून आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील हे मला ठाऊक आहे. शहरातील गच्च्यांवर, गल्लीबोळांतील पडीक जागांत, शाळांच्या व अंगणवाड्यांच्या आवारांत खाण्याजोगी झाडे लावणे, थोड्या पाण्यावर ती जगविणे आणि लोकांना ती जगविण्यास शिकविणे, हा तो व्यवसाय होय. ह्यामागे जे शास्त्र उभे राहिले आहे त्याला 'पर्माकल्चर' असे म्हणतात.

मागे एका गृहस्थांशी ह्याविषयी बोलत असता त्यांनी मला स्पष्टच विचारले, "मुलाला शेतकी कॉलेजात घातले, पदवी घेववली, ती काय पुन्हा हातात खुरपे देण्यासाठी?" प्रश्न रास्त आहे. त्याला उडवून लावणे योग्य नाही. आपल्या समाजाला 'माळी' हे नाव ज्या कामावरून मिळाले, ते काम सरकारी कचेरीत आजही चतुर्थ श्रेणीचे समजले जाते. बंगल्याचा मालक माळ्याला फाटकातून आत घेतो, परंतु ओसरीवर बसवीत नाही. ज्या बापाने हे अनुभवले आहे, त्याने मुलाला खुरप्यापासून दूर ठेवावे ह्यात नवल काय? परंतु दुसरीकडे काय घडते ते पाहा. तेच काम दुसरा कोणी नकाशा काढून, मातीची परीक्षा करून, पाण्याचा हिशेब मांडून करतो, तेव्हा त्याला 'सल्लागार' म्हणतात, आणि त्याची फी आगाऊ पोहोचते. काम तेच, माती तीच. फरक पडतो तो मांडणीचा, हिशेबाचा आणि आत्मविश्वासाचा. आपल्या मुलांनी ती मांडणी शिकावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हे शास्त्र आहे तरी काय? ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन ह्या दोघांनी १९७८ साली 'पर्माकल्चर वन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कायम टिकणारी शेती, असा ह्या शब्दाचा मूळ भाव. जंगलात कोणी नांगरीत नाही, खत घालीत नाही, पाणी शेंदीत नाही, तरी जंगल वाढते. मग त्या जंगलाची रचना अभ्यासून त्याच धर्तीवर अन्न देणारी झाडे का मांडू नयेत, असा त्यांचा विचार. उंच झाड, त्याखाली मध्यम झाड, त्याखाली भाजी, जमिनीलगत पसरणारा वेल, मातीत कंद. एकाचा कचरा हे दुसऱ्याचे अन्न, आणि आवारात पडलेला पाण्याचा थेंब शक्यतो आवारातच मुरवावयाचा. मॉलिसन ह्यांना १९८१ साली 'राइट लाइव्हलीहुड' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ते भारतात आले, आणि सोलापूरहून हैदराबादेस जाणाऱ्या आपल्या ह्याच रस्त्यावर, सुमारे दोनशे किलोमीटरांवरील झहीराबादेजवळ, पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आश्रयाने ह्या विद्येचे बीज रुजले. त्या परंपरेतील नरसण्णा कोप्पुला ह्यांनी पुढे 'अरण्य' ही संस्था काढून शेकडो माणसांना हे शिक्षण दिले. २०१७ साली ह्या विषयाची जागतिक परिषद हैदराबादेस भरली. जी विद्या सातासमुद्रापलीकडची म्हणून आपण बिचकतो, ती आपल्या एका मुक्कामावर येऊन राहिलेली आहे!

येथे एक मोह टाळावयास हवा. हे सर्व आपल्या वाडवडिलांना ठाऊकच होते, असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. पुष्कळ गोष्टी ठाऊक होत्या हे खरे. मोरीचे पाणी अळवाला आणि केळीला जाई, अंगणात शेवगा असे, कुंपणावर तोंडलीचा वेल असे. आपल्या जिल्ह्यातील माढा तालुक्यात अरण येथे ज्यांची समाधी आहे, त्या सावतोबांनी मळ्यालाच पंढरी मानले. महात्मा जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात डोंगरावरून वळवाच्या पाण्याबरोबर वाहून येणारा पालापाचोळा आणि जमिनीला पोसणारे सत्त्व शेतातच मुरावे, अशा बेताने जागोजागी ताली आणि बंधारे घालावेत, आणि ते काम फौजेतील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून करवून घ्यावे, अशी सूचना सरकारास केली आहे. पाणी आणि पाचोळा ह्यांची सांगड शंभर वर्षांनंतर मॉलिसन घालतात, ती जोतीरावांच्या लेखणीतून आधीच उतरलेली आहे. परंतु आपल्या आजोबांपुढे सिमेंटचा स्लॅब नव्हता, साबणाच्या पावडरीचे पाणी नव्हते, आणि तीन मजली घरांत सात बिऱ्हाडे नव्हती. म्हणून जुन्या पुण्याईवर विसंबून भागणार नाही. नवे शिकावेच लागेल.

हे शिकविणारा एक थोर माणूस आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेला. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकविणारे श्रीपाद अच्युत दाभोळकर ह्यांनी 'प्रयोग परिवार' नावाची शेतकऱ्यांची सैल, पण चिवट अशी संघटना बांधली. हाती पदवी असो वा नसो, प्रत्येकाने स्वतःच्या शेतात प्रयोग करावा, मोजावे, टिपून ठेवावे आणि दुसऱ्यास मोकळ्या मनाने सांगावे, असा तिचा नेम होता. दाभोळकर मूळचे गणिती. पानावर पडणाऱ्या उन्हाचा ते हिशेब मांडीत, आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब सुखाने कसे जगू शकेल ते आकड्यांनी दाखवीत. 'विपुलाच सृष्टी' हा त्यांचा ग्रंथ आपल्या प्रत्येक वाचनालयात असावा. त्यांचा विचार शेतापुरता राहिला नाही, तो गच्चीवरही चढला. मुंबईचे डॉ. दोशी ह्यांनी उसाची चिपाडे, पालापाचोळा आणि थोडी माती ह्यांवर गच्चीत भाजी व फळे घेण्याची रीत लोकांना शिकविली. आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात अधिकारी असलेल्या श्रीमती प्रीती पाटील ह्यांनी २००२ च्या सुमारास त्याच स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तेथलाच ओला कचरा वापरून, सुमारे तीन हजार चौरस फुटांची बाग उभी केली. भाजीचे देठ आणि फळांच्या साली गाडीत भरून दूर टाकावयाच्या, त्या जिना चढून वर गेल्या, एवढाच काय तो फरक! पुढे 'अर्बन लीव्ह्ज' ह्या नावाने त्यांनी नोकरदार मंडळींना रविवारी एकत्र जमवून सामायिक मळे करविले. त्यांचे एक ठिकाण माहीम-धारावीच्या कडेला असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान. आणि ते उद्यान स्वतःच एका बंद पडलेल्या कचराडेपोवर उभे आहे.

आता सोलापूरकडे वळू. मुंबईत जे साधले ते येथे जसेच्या तसे साधणार नाही. मुंबईस अतोनात पाऊस. आपल्या भागात स्थूलमानाने साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा हिस्सा भाद्रपदाच्या सुमारास एकदम कोसळतो. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी १९३३ च्या सुमारास सोलापूरची निवड झाली, ती उगीच नव्हे. उजनी धरण झाले, पाइप आले, तरी वर्षानुवर्षे सोलापूरच्या बायकांनी तीन-चार दिवसांआड नळाला येणारे पाणी रात्री-अपरात्री उठून भरलेले आहे. अशा गावात कोणी तरुण येऊन म्हणाला, 'काकू, गच्चीवर बाग करू या,' तर काकू त्याला जिन्यावरूनच परत पाठवतील. तेव्हा येथील कामाचा पहिला धडा पाण्याचा.

थोडा हिशेब करू. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्या एका गच्चीवर वर्षाकाठी साधारण ५५ हजार लिटर पाणी पडते. बाष्प व गळती वजा जाता चाळीस हजारांवर हाती लागण्यास हरकत नाही. हे सगळे साठविणे शक्य नसते. थोडे टाकीत घ्यावे, उरलेले गाळून बोअरच्या कडेला मुरवावे. राहिला उन्हाळा. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाचे स्नान वीस लिटरांत उरकले तरी शंभर लिटर पाणी रोज गटारात जाते. जाड आच्छादन घातलेल्या वाफ्याला कडक उन्हातही चौरस मीटरमागे चार-पाच लिटर पाणी पुरावे, असा माझा अंदाज आहे. म्हणजे त्या शंभर लिटरांत वीस चौरस मीटरांचा भाजीपाला निघतो. नळाच्या पाण्याला हातही लावावयाचा नाही! मात्र हे पाणी सरळ ओतू नये. साबणातील क्षार काळ्या मातीला चोपण करतात. वाळू-खडीच्या थरात कर्दळ व अळू लावून त्यातून ते आधी फिरवावे, पालेभाजीच्या पानांवर न टाकता मुळाशी द्यावे, आणि कच्चे खावयाच्या भाजीला ते देऊच नये. संडासाचे पाणी तर ह्या व्यवहारात सर्वस्वी वर्ज्य.

दुसरा धडा वजनाचा. ओली काळी माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते. तिचा वीतभरापेक्षा कमी, पंधरा सेंटिमीटरांचा थर पसरला, तरी चौरस मीटरवर अडीचशे किलोंहून अधिक भार पडतो; आणि साध्या घराच्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे दीडशे किलो वाढीव भार धरून आखलेला असतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने कोणाच्या गच्चीला हात लावू नये. आपल्या जुन्या पेठांतील माळवदांवर तर हा उद्योग अजिबात नको. त्यांवर उन्हाळ्यात पापड वाळवावेत, तेवढे पुरे. स्लॅबवर माती नको, मुरलेला पाला हवा, आणि तोही तुळईच्या ओळीत, कठड्यालगत.

तो पाला तयार करण्याची दाभोळकरांच्या परंपरेतील रीत मला फार आवडते. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ दहा लिटर पाण्यात कालवून, रोज ढवळीत तीन दिवस ठेवावयाचे. नंतर त्यात दसपट पाणी मिसळून त्या पाण्यात वाळलेला पाचोळा भिजवावयाचा, आणि मधून मधून थोडी माती भुरभुरत दहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट उंच असा ढीग रचावयाचा. आठवड्याने परतावयाचा. महिन्याभराने त्यावर कडू, गोड, तुरट, आंबट अशी नाना तऱ्हेची बियाणी पेरून, उगवलेली रोपे ठरावीक दिवसांनी छाटून त्यातच मिसळावयाची. चार-पाच महिन्यांत जी माती होते तिला 'अमृतमाती' म्हणतात. नाव जरा भारदस्त आहे; परंतु मुठीत धरून पाहिली तर तक्रार करावीशी वाटत नाही. ह्यासाठी लागणारा माल सोलापुरात फुकट पडलेला आहे. फाल्गुनात आपल्या रस्त्यांवरचे कडुलिंब पान टाकतात, त्याचे ढीग करून लोक पेटवून देतात आणि धूर गिळतात. रसवंत्यांपुढे चिपाडांच्या राशी पडतात. मंडईत संध्याकाळी काय उरते ते आपण पाहतोच. एक सावधगिरी मात्र घ्यावी: कापड रंगविण्याच्या कारखान्यांजवळची माती तपासून घेतल्यावाचून वापरू नये.

काय लावावे, हा प्रश्न भगिनींना विचारल्यास उत्तर लवकर मिळेल. टोमॅटो-कोबीच्या हौसेने आरंभ करणारे वैशाखात हात टेकतात. शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू, पपई, सीताफळ, डाळिंब हा वरचा पसारा. त्याच्या सावलीत अंबाडी, चुका, राजगिरा, घोळ, मायाळू. मांडवावर वाल, दोडका, तोंडली. पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढविला म्हणजे घरातली उष्णताही उतरते. बारकाईने पाहणाऱ्याला ह्या मातीने कधी निराश केलेले नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे ह्यांनी निवडून वाढविलेल्या द्राक्षाला सोलापूर, नान्नज आणि काळे ह्यांची आद्याक्षरे जुळवून 'सोनाका' हे नाव पडले, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल.

आता पोटाची गोष्ट. गच्चीवरची मेथी विकून कोणाचा संसार चालेल, असे मी सांगणार नाही. तसे सांगणारे व्याख्याते हल्ली पुष्कळ झाले आहेत. कमाई भाजीत नाही, विद्येत आहे. जागा पाहून आराखडा करून देणे, पाण्याची सोय बसवून देणे, महिन्याला ठरावीक रकमेने देखरेख ठेवणे, रोपे, देशी बियाणे आणि तयार माती पुरविणे, सोसायट्यांचा ओला कचरा तेथल्या तेथे जिरवून देणे, आणि वर्ग घेणे, ही ह्या धंद्याची खरी अंगे. २०१६ साली केंद्र शासनाने घनकचऱ्याचे नियम केले आणि मोठ्या गृहसंस्थांवर, हॉटेलांवर व मंगल कार्यालयांवर आपला ओला कचरा आपणच निस्तरण्याची जबाबदारी टाकली. २०१९ साली शाळांतून पोषणबागा करण्याविषयी शिक्षण खात्याच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. कागद आले, परंतु काम जाणणारी माणसे कोठे आहेत? गुरुजींना आधीच शंभर कामे. तेथे आपल्या शिकलेल्या मुलामुलींना जागा आहे. मुलींचा उल्लेख मी मुद्दाम करतो. हे काम घरोघरी जाऊन गृहिणींशी बोलण्याचे आहे, आणि त्यात त्या मुलांच्या पुढे जातील.

पहिली दोन-तीन वर्षे मिळकत अल्प राहील. बाकीचा वेळ एखादी अर्धवेळ नोकरी धरावी, त्यात कमीपणा नाही. परंतु फी ठरवून, लिहून, पावती देऊन घ्यावी. चहापाण्यावर व जुन्या कपड्यांवर काम करण्याची आपली जुनी रीत येथे पुन्हा शिरू दिली, तर मुलगा पदवीधर झाला काय आणि न झाला काय, फाटकाबाहेरच राहील.

मंडळातील काही मित्रांस न रुचणारे एक बोलणे आता बोलतो. हा मळा एका ज्ञातीचा राहून चालणार नाही. बंगल्यांच्या बागा करून पैसा मिळेल, परंतु भाजीची खरी गरज आहे ती विडी वळणाऱ्या बायकांच्या घरी, यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्याच्या घरी. कुंभारीच्या माळावर २००६ साली गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरे झाली. २०२४ च्या जानेवारीत तेथेच रे नगरची पंधरा हजार घरे कामगारांच्या हाती पडली. उघडा माळ, कडक ऊन आणि हजारो कुटुंबांचे वाया जाणारे पाणी! ह्या शास्त्राला ह्याहून मोठे क्षेत्र कोठे मिळेल? क्यूबाची राजधानी हवाना येथे १९९१ नंतर रशियाचे तेल व खत बंद झाले, तेव्हा लोकांनी मोकळ्या प्लॉटांवर वाफे घालून शहराला पालेभाजी पुरविली. त्यांच्यापाशीही उपकरणे फारशी नव्हती. आपल्या पूर्व भागातील पद्मशाली भगिनींना अंबाडी 'गोंगूरा' ह्या नावाने ठाऊक आहे, आणि तिच्या चटणीच्या ज्या तऱ्हा त्या करतात त्या आपल्या घरांत कोणास येत नाहीत. लिंगायत, मोमीन, मोची, सर्वांच्या चुली एका गल्लीत आहेत. गल्लीचा मळा झाला तर आपला मुलगा तेथे शिकविणारा असेल आणि शिकणाराही असेल. सामायिक जागेत भांडणे होतात, हे मी नाकारीत नाही. पाणी कोणी घालावयाचे, शेवग्याच्या शेंगा कोणी तोडावयाच्या, ह्यावरून होतातच. म्हणून आरंभीच पाळ्या लिहून भिंतीवर लावाव्यात, आणि पीक मोजून वाटावे. जेथे हे झाले नाही तेथे बाग पहिल्या उन्हाळ्यातच वाळलेली मी पाहिली आहे.

ज्यांना शेतीत साहसाची उदाहरणे हवी असतील, त्यांनी माळीनगरकडे पाहावे. सासवडकडील आपले बांधव घरदार सोडून निरा उजव्या कालव्यावर आले आणि १९३० च्या दशकात त्यांनी स्वतःच्या भांडवलावर साखर कारखाना उभा केला. त्यांना एकरच्या एकर जमीन आणि कालव्याचे पाणी होते. आज आपल्या तरुणापाशी गच्ची आहे आणि मोरीचे पाणी आहे. त्याचे साहस निराळ्या जातीचे राहील.

मंडळाकडे माझे मागणे थोडे आहे. शिष्यवृत्तीच्या रकमेतून दर वर्षी एका मुलाला आणि एका मुलीला ह्या विद्येच्या रीतसर वर्गास पाठवावे. वर्ग साधारणतः बहात्तर तासांचा, म्हणजे पंधरवड्याचा असतो. परत आल्यावर त्यांनी आपल्या वसतिगृहाच्या मागील आवारात, जेथे सध्या मोडक्या खाटा पडल्या आहेत तेथे, एक वर्ष काम करून दाखवावे आणि पाण्याचा, मातीचा व पिकाचा हिशेब पुढील स्मरणिकेत छापावा. पीक वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाईल. आमटीत रोज तेच बटाटे पाहून मुलांनी केलेली तक्रार अध्यक्षांच्या कानी आलेली आहेच.

नावे चिटणिसांकडे माघ महिन्याच्या आत द्यावीत, म्हणजे फाल्गुनातील कडुलिंबाचा पाचोळा हातचा जाणार नाही. तो गोळा करण्यास पहिल्या रविवारी सकाळी सहाला मी वसतिगृहापाशी येत आहे. येणाऱ्यांनी पोती मात्र घरून आणावीत.